जुन्या भावाची पाने शोधातून काढताना: एका शेतकरी कंपनीच्या संकेतस्थळाचे प्रकरण

वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हे प्रकरण आहे. कंपनी सभासदांकडून वायगाव हळद, तूर आणि हरभरा घेते, दळून-भरडून पाकिटांत विकते. सोबत आपल्या संकेतस्थळावर हिंगणघाट, समुद्रपूर, सिंदी आणि वर्धा या चार बाजारांचे रोजचे भाव टाकते. विक्रीची पाने जेमतेम तीसेक. तक्रार आली ती भावाच्या पानांवरून. त्यातली नको असलेली जुनी पाने गूगलच्या शोधातून कशी काढली, ते इथे सांगितले आहे.

शेतकरी मोबाइलवर ‘हिंगणघाट कापूस भाव’ असे बोलून शोधतो. वरच्या निकालांत कंपनीचे पान दिसते, तो उघडतो, आकडा बघतो. पान आजचे नसते. तारीख बारीक अक्षरात वरच्या कोपऱ्यात असते आणि छोट्या पडद्यावर ती मेनूखाली झाकली जाते. २०२२च्या मार्चमध्ये विदर्भात कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला होता. २०२३-२४च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये होता, तर २०२५-२६साठी तो ८,११० रुपये ठरला. ज्याने २०२२चे पान आजचे समजून वाचले, तो घरात भरलेला कापूस विकायचा थांबतो. कापूस घरात पडला की वजन उतरते, अंगाला खाज सुटते, आगीची धास्ती राहते. ज्याने मंदीतले जुने पान वाचले, तो खेडा खरेदीवाल्याला पडत्या भावात गाडी भरून देतो. म्हणून या प्रकरणात ‘नको असलेली पाने’ म्हणजे नुसता शोध निकालांतला पसारा नव्हता. चुकीचे पान वर येण्याची किंमत क्विंटलमागे मोजता येत होती.

पाने येतात कुठून

पत्ते इथे देवनागरीत लिहिले आहेत, प्रत्यक्षात ते रोमन लिपीत आहेत. आजच्या भावाचे पान असे: ‘/भाव/हिंगणघाट/कापूस/’. मागच्या दिवसाचे पान तेच, फक्त शेवटी ‘?दिनांक=२०२२-०३-१५’ जोडलेले. चार बाजार, सहा माल (कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा, गहू, हळद) म्हणजे आजची पाने २४. तारखेची पाने मात्र वर्षाला ४ × ६ × ३६५, म्हणजे ८,७६०. तीन वर्षांत २६,२८०. नुसत्या रविवारांचीच वर्षाला १,२४८ पाने होतात आणि रविवारी लिलावच नसतो. कापूस जून-जुलैत बाजारात जवळजवळ येत नाही, सोयाबीनची मुख्य आवक दसरा-दिवाळीची, ओली हळद उन्हाच्या तोंडाशी निघते. मधल्या सगळ्या दिवसांच्या पानांवर एकच ओळ असते: ‘आवक नाही’. गूगल अशा पानांना बरेचदा ‘सॉफ्ट ४०४’ ठरवतो, म्हणजे पान उघडते पण त्यात काही नाही.

त्यात आणखी एक खोड होती. पानाखाली ‘मागचा दिवस’ आणि ‘पुढचा दिवस’ असे दुवे होते, आणि पुढचा दिवस कुठेच थांबत नव्हता. दाबत गेले की २०४० सालच्या कापसाच्या भावाचेही पान उघडायचे, अर्थात रिकामे. शोधयंत्राचा रोबोट दुव्यांवरूनच चालतो, त्यामुळे त्याच्यासाठी हा न संपणारा रस्ता.

पहिले काम मोजणीचे. सर्च कन्सोलच्या (संकेतस्थळ गूगलला कसे दिसते ते दाखवणाऱ्या साधनाच्या) ‘पेजेस’ अहवालातून इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या शोध यादीत, असलेली आणि नसलेली अशा दोन्ही याद्या उतरवून घेतल्या. प्रत्येक कारणाखाली हा अहवाल जास्तीत जास्त १,००० पत्ते दाखवतो, त्यामुळे ही यादी पूर्ण नाही, नमुना आहे हे ध्यानात ठेवावे. शोधपट्टीत ‘साइट:’ लिहून येणारा आकडा तर अंदाजाचाच असतो, त्यावर हिशोब बांधू नये. यादीतले पत्ते नमुन्यानुसार वेगळे केले तेव्हा पाच ढीग पडले: तारखेची भावपाने, दुकानातली किमतीनुसार लावलेली पाने (‘?क्रम=’), संकेतस्थळाच्या आतल्या शोधाचे निकाल (‘/शोध/’), चौकशी फॉर्मनंतरचे ‘धन्यवाद’ पान, आणि पाचवा ढीग अनपेक्षित होता, ‘/पावती/’ने सुरू होणारा. त्याचे पुढे स्वतंत्र सांगितले आहे, कारण त्यावरचा इलाज पूर्ण वेगळा आहे.

मोजणीसोबत दुसरी यादीही करावी: कोणती पाने कोणत्याही परिस्थितीत शोधात राहिलीच पाहिजेत. इथे ती ५७ पानांची झाली: मुखपृष्ठ, आजच्या भावाची २४, उत्पादनांची ३० आणि संपर्क व माहितीची दोन. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ताळा याच यादीवरून घेतला. ही यादी न करता पाने काढायला हात घालणे म्हणजे बांध न बघता वावरात पाणी सोडणे.

टॅग मॅनेजरच का

सरळ विचाराने पाहिले तर ‘नोइंडेक्स’ (हे पान शोध यादीत घेऊ नका) हा आदेश पानाच्या मूळ साच्यातच लिहायचा असतो. सर्व्हर पान देतानाच तो सोबत आला पाहिजे. इथे ती वाट बंद होती. संकेतस्थळ बांधून देणाऱ्याशी करार संपलेला, मूळ साच्यात बदल करायची सोय कंपनीकडे नाही. कंपनीच्या हातात व्यवस्थापनाच्या पटलावरच्या मोजक्या गोष्टी होत्या: मजकूर बदलणे, फायली चढवणे-काढणे, ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ फाइलचा चौकोन, काही साध्या चालू-बंद खुणा, आणि प्रत्येक पानाच्या शिरोभागात (कोडच्या वरच्या, वाचकाला न दिसणाऱ्या ‘हेड’ भागात) जाणारा गूगल टॅग मॅनेजरचा तुकडा. टॅग मॅनेजर म्हणजे मूळ साच्याला हात न लावता पानांत कोडचे छोटे तुकडे, म्हणजे टॅग, घालण्याचे साधन. त्यातला कंटेनर (सगळे टॅग ठेवायचा डबा) नशिबाने कंपनीच्याच ईमेलवर उघडलेला होता. बऱ्याच ठिकाणी तो बांधून देणाऱ्याच्या खात्यात असतो, म्हणून ‘ॲडमिन’ कोण आहे हे आधी तपासावे.

‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’मध्ये तारखेची पाने अडवून टाकावीत, असा पहिला सल्ला बहुतेक जण देतात. तो इथे उलटा पडला असता. ती फाइल रोबोटला पान वाचण्यापासून अडवते, यादीतून काढत नाही. आधीच इंडेक्समध्ये असलेले पान अडवले की गूगलला त्यावरचा ‘नोइंडेक्स’ कधी दिसतच नाही आणि पत्ता निकालांत तसाच राहू शकतो. याचा पुरावा इथेच होता. ‘/शोध/’ आधीपासून अडवलेले होते आणि त्यातले काही पत्ते अहवालात ‘इंडेक्स्ड, दो ब्लॉक्ड बाय रोबोट्स डॉट टीएक्सटी’ (अडवलेले, तरी यादीत) या शेऱ्याखाली उभे होते. त्याच फाइलमध्ये ‘नोइंडेक्स’ची ओळ लिहायची जुनी युक्तीही चालत नाही, गूगलने तिचा आधार १ सप्टेंबर २०१९पासून काढून घेतला. सर्च कन्सोलमध्ये पूर्वी पॅरामीटर (पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग) हाताळण्याचे साधन होते, तेही २०२२मध्ये बंद झाले.

कॅनॉनिकल टॅग (या मजकुराचे मूळ पान कोणते हे सांगणारी खूण) लावून सगळ्या तारखांची पाने आजच्या पानाकडे वळवावीत, हाही पर्याय चर्चेला आला. कॅनॉनिकल ही सूचना आहे, आदेश नव्हे. १५ मार्चचा भाव आणि आजचा भाव ही एकाच मजकुराची दोन रूपे नाहीत, आकडे वेगळे असतात, त्यामुळे गूगल ती सूचना बाजूला ठेवू शकतो. दुकानातल्या ‘?क्रम=’ पानांना मात्र कॅनॉनिकल शोभते, कारण तीच उत्पादने फक्त वर-खाली झालेली असतात. साच्यात ती सोय आधीपासून होती आणि गूगल ती मानत होता, म्हणून तो ढीग तसाच सोडला. एकाच पानावर ‘नोइंडेक्स’ही आणि दुसरीकडे बोट दाखवणारा कॅनॉनिकलही, अशी दुहेरी खूण करू नये.

राहिला टॅग मॅनेजर. गूगलचा रोबोट पान आणतो, मग ते ब्राउझरसारखे चालवून बघतो, आणि चालवल्यानंतर जे दिसते त्यातला ‘नोइंडेक्स’ मानतो. २०१९च्या मे महिन्यापासून त्याचे हे चालवणारे इंजिन क्रोमच्या ताज्या आवृत्तीसोबत चालते. म्हणून जावास्क्रिप्टने घातलेला ‘नोइंडेक्स’ काम करतो. उलट दिशेने मात्र भरवसा नाही. मूळ पानातच ‘नोइंडेक्स’ असेल तर गूगल ते पान चालवून बघायचे टाळू शकतो, त्यामुळे जावास्क्रिप्टने तो काढून टाकला तरी उपयोग होईलच असे नाही. टॅग मॅनेजरने पान बाहेर काढता येते, आत आणता येत नाही.

दुसरी मर्यादा इतर शोधयंत्रांची. बिंग जावास्क्रिप्ट चालवतो, पण सगळ्या पानांवर आणि दर वेळी चालवेल याची हमी देत नाही. इतर बरेच रोबोट चालवतच नाहीत. त्यामुळे हा उपाय गूगलपुरता धरावा आणि मूळ साचा दुरुस्त होईपर्यंतचाच मानावा.

कंटेनरमधली मांडणी

आधी व्हेरिएबल, म्हणजे पत्त्यातून वाचून घ्यायचे मूल्य. टॅग मॅनेजरमधले तयार ‘पेज पाथ’ हे व्हेरिएबल प्रश्नचिन्हाच्या आधीचाच भाग देते, म्हणून तारीख त्यात सापडत नाही. नवे व्हेरिएबल ‘यूआरएल’ प्रकारचे घेतले, घटक ‘क्वेरी’, आणि की म्हणून ‘दिनांक’ (पत्त्यात जसे लिहिले आहे तसेच, लहान अक्षरांत).

मग ट्रिगर, म्हणजे टॅग केव्हा चालवायचा याचा नियम. प्रकार ‘इनिशियलायझेशन’ (पान उघडायला लागताच), आणि ‘सम’ निवडून दोन अटी. पहिली, पेज पाथ ‘रेगएक्स’ने (चिन्हांनी लिहिलेल्या नमुन्याने) तपासला तर ‘/भाव/’ने सुरू झाला पाहिजे. त्यासाठी नमुन्याच्या सुरुवातीला टोपीचे चिन्ह (^) हवेच. ‘कन्टेन्स’ निवडून नुसते ‘भाव’ लिहिले असते तर ‘हळदीचा भाव कसा ठरतो’ हा माहितीचा लेखही जाळ्यात आला असता. दुसरी अट तारखेच्या व्हेरिएबलवर: टोपी, चार अंक, आडवी रेघ, दोन अंक, आडवी रेघ, दोन अंक, आणि शेवटी डॉलरचे चिन्ह.

ही दुसरी अट इतकी घट्ट का, हे समजून घेण्यासारखे आहे. पत्त्यात तारीख नसेल तेव्हा हे व्हेरिएबल रिकामे येत नाही, ‘अनडिफाइन्ड’ येते, आणि अट तपासताना टॅग मॅनेजर त्याला तसाच एक शब्द धरतो. ‘काहीही असले तरी जुळव’ अशा अर्थाचा ठिपका-अधिक हा नमुना (.+) लिहिला, तर तो या शब्दालाही जुळतो. मग आजच्या भावाच्या २४ पानांवरही ‘नोइंडेक्स’ बसतो, आणि पहिली अट नसती तर सगळ्या संकेतस्थळावर बसला असता. या पद्धतीत होऊ शकणारे सर्वात मोठे नुकसान हेच. रिकाम्या ठिकाणी नमुना कसा वागतो, हे प्रत्येक व्हेरिएबलसाठी प्रिव्ह्यूमध्ये (प्रसिद्ध करण्याआधीच्या चाचणीत) बघूनच पुढे जावे.

सुरक्षेसाठी एक अपवाद ट्रिगरही केला: पानाचा पत्ता राखायच्या यादीतल्या नमुन्याला तंतोतंत जुळला तर टॅग चालू नये. अपवाद ट्रिगरचा घटनाप्रकार मुख्य ट्रिगरसारखाच लागतो. मुख्य ‘इनिशियलायझेशन’वर आणि अपवाद ‘पेज व्ह्यू’वर ठेवला, तर अपवाद दिसायला लावलेला असतो पण काहीच अडवत नाही.

‘/शोध/’ आणि ‘/धन्यवाद/’साठी दुसरा साधा ट्रिगर, नुसत्या पाथवर, त्याच घटनाप्रकाराचा. ‘/शोध/’ची रोबोट्स फाइलमधली अडवणूक त्याच दिवशी काढली, नाहीतर टॅग कोणी वाचलाच नसता.

टॅग ‘कस्टम एचटीएमएल’ प्रकारचा. त्यात मेटा टॅगची (‘नोइंडेक्स’ लिहिलेली) ओळ सरळ चिकटवू नये, कारण टॅग मॅनेजर असा मजकूर पानाच्या अंगात (‘बॉडी’त) शेवटी नेऊन ठेवतो आणि रोबोट्सच्या मेटाची जागा शिरोभागात आहे. म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती आधी शिरोभागात ‘रोबोट्स’ नावाचा मेटा आहे का ते शोधते. सापडला तर त्याचा ‘कन्टेन्ट’ बदलून ‘नोइंडेक्स’ करते, नसेल तर नवा मेटा बनवून शिरोभागाला जोडते. इथल्या साच्यात सगळ्याच पानांवर ‘इंडेक्स, फॉलो’ असा मेटा होता. दोन परस्परविरोधी मेटा राहिले तरी गूगल जास्त कडक आदेश धरतो, तरीही एकच मेटा असणे चांगले, पुढे तपासणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

टॅगच्या ‘कन्सेंट सेटिंग्ज’मध्ये ‘जादा संमतीची गरज नाही’ हे निवडले. हा टॅग कुणाची माहिती गोळा करत नाही. आणि रोबोट संमतीच्या पट्टीवर कधी बोट ठेवत नाही, त्यामुळे संमतीची अट असती तर टॅग त्याच्यासाठी कधीच चालला नसता. याच कारणाने क्लिक, स्क्रोल किंवा ब्राउझरमध्ये साठवलेल्या कुकीवर अवलंबून असलेला कोणताही ट्रिगर या कामाला निरुपयोगी आहे. रोबोट प्रत्येक पानावर कोऱ्या पाटीने येतो.

पहिला प्रयत्न कुठे अडला

प्रिव्ह्यू उघडून तारखेचे पान पाहिले, टॅग चाललेला दिसला. आजचे पान पाहिले, टॅग चालला नाही. दोन्ही बरोबर. आवृत्ती प्रसिद्ध केली. हा टप्पा विसरणारेही बरेच असतात: प्रिव्ह्यू कच्च्या मसुद्यावर चालतो, रोबोटला फक्त प्रसिद्ध झालेली आवृत्ती मिळते.

त्यानंतर सर्च कन्सोलच्या ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये तारखेचा एक पत्ता टाकून ‘लाइव्ह टेस्ट’ घेतली. उत्तर आले, पान इंडेक्स होण्याजोगे आहे. ‘व्ह्यू टेस्टेड पेज’मधल्या एचटीएमएलमध्ये ‘नोइंडेक्स’ शोधला, नव्हता. टॅग मॅनेजरची फाइलच मागवलेली दिसत नव्हती.

दोष कंटेनरमध्ये नव्हताच. संकेतस्थळाच्या पटलावर ‘वेग वाढवा’ नावाची खूण चालू होती. खेड्यात मोबाइलचे जाळे कमी असते, पान लवकर उघडावे म्हणून ती कुणीतरी लावलेली. ती खूण सगळ्या बाहेरच्या स्क्रिप्ट रोखून धरते आणि वाचकाने पडद्याला पहिला स्पर्श केला किंवा पान सरकवले की मग सोडते. तपासणारा माणूस प्रिव्ह्यूमध्ये पान सरकवतोच, म्हणून त्याला टॅग चाललेला दिसतो. रोबोट स्पर्श करत नाही, म्हणून त्याच्यासाठी टॅग मॅनेजर आलाच नाही. वेगाच्या अशा सोयी वर्डप्रेसच्या कित्येक प्लगिनमध्येही असतात, म्हणून हा फसवा प्रकार सर्रास आढळतो. उपाय सोपा होता. त्या सोयीच्या अपवाद यादीत टॅग मॅनेजरच्या फाइलचा पत्ता घातला. चित्रे आणि चॅटचा डबा पूर्वीसारखाच उशिरा येत राहिला, त्यामुळे पान लक्षात येण्याइतके जड झाले नाही.

दुसऱ्या लाइव्ह टेस्टला उत्तर आले: इंडेक्सिंगला परवानगी नाही, रोबोट्स मेटा टॅगमध्ये ‘नोइंडेक्स’ आढळला. टॅग लावलेल्या प्रत्येक ढिगातले तीन-तीन पत्ते असे तपासले. त्याहून महत्त्वाचे, राखायच्या ५७ पानांपैकी आजच्या भावाची चारही बाजारांची पाने आणि मुखपृष्ठ उलट्या बाजूने तपासले, तिथे ‘नोइंडेक्स’ नाही याची खात्री केली. ‘पेज सोर्स’ बघून तपासू नये. तिथे सर्व्हरने पाठवलेले मूळ पान दिसते, नंतर घातलेला मेटा दिसत नाही, आणि टॅग चालतच नाही असा खोटा समज होतो. ब्राउझरमध्ये बघायचेच तर ‘इन्स्पेक्ट’ उघडून शिरोभाग पाहावा.

पावत्या

आता पाचवा ढीग. सभासदाने माल घातला की संकेतस्थळ त्याची पावती बनवायचे आणि दुवा मोबाइलवर पाठवायचे: ‘/पावती/’ आणि पुढे क्रमांक. त्यावर नाव, गाव, मोबाइल क्रमांक, मालाचे वजन आणि बँक खात्याचा क्रमांक. उघडायला पासवर्ड लागत नव्हता, आणि क्रमांक एकाने वाढवला की पुढच्या शेतकऱ्याची पावती उघडायची. कुणीतरी दुवा उघड्या जागी टाकल्यावर त्यातल्या काही गूगलमध्ये गेल्या होत्या.

आहे तोच टॅग इथेही लावून टाकावा, असे मनात येणे स्वाभाविक आहे. तसे करू नये. ‘नोइंडेक्स’ फक्त शोध निकालातली नोंद काढतो, पान उघडेच राहते. ज्याच्याकडे दुवा आहे, जो क्रमांक मोजत जातो, ज्याचा रोबोट जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्या सगळ्यांना ते दिसतच राहते. रोबोट्स फाइलमध्ये ‘/पावती/’ लिहिणे तर आणखी वाईट, ती फाइल कुणीही वाचू शकतो आणि कुठे बघायचे हे तिच्यातूनच कळते. शेतकऱ्याचा खाते क्रमांक असा उघड्यावर ठेवणे ही त्याच्या विश्वासाशी गद्दारी आहे, आणि २०२३चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावरच टाकतो.

म्हणून क्रम असा ठेवला. पटलावरची ‘सार्वजनिक पावती’ ही खूण त्याच दिवशी बंद केली, त्यामुळे तो पत्ता आता ४०४ (‘पान सापडले नाही’) देतो. पावती कागदावर छापून देणे सुरू झाले. त्यानंतर सर्च कन्सोलच्या ‘रिमूव्हल्स’मध्ये ‘या उपसर्गाचे सगळे पत्ते काढा’ हा प्रकार निवडून ‘/पावती/’ टाकले. ही विनंती साधारणपणे दिवसभरात लागू होते, पण सुमारे सहा महिनेच टिकते. त्या मुदतीत गूगलने ४०४ बघून नोंद कायमची काढलेली असते, म्हणून मूळ पान आधी बंद करणे आवश्यक. उपसर्ग लिहिताना शेवटची तिरकी रेघ विसरू नये, आणि जपून लिहावा, कारण त्याने सुरू होणारे सगळेच पत्ते एकदम निकालांतून दिसेनासे होतात.

सभासदांच्या यादीच्या दोन पीडीएफ फायलीही सापडल्या. पीडीएफमध्ये टॅग मॅनेजर चालत नाही. तिला इंडेक्सबाहेर ठेवायचे तर सर्व्हरने ‘एक्स-रोबोट्स-टॅग’ नावाचा हेडर (फाइलसोबत जाणारी सूचना) पाठवावा लागतो. इथे त्या फायली जाहीर असण्याचे कारणच नव्हते, म्हणून फाइल संग्रहातून काढून टाकल्या आणि त्यांचीही स्वतंत्र रिमूव्हल विनंती दिली.

पाने उतरायला लागणारा वेळ

टॅग लागला म्हणजे पान गेले असे नाही. गूगल ते पान पुन्हा आणेल, चालवून बघेल, मग काढेल. तीन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारच्या गव्हाच्या भावाचे पान तो क्वचितच पुन्हा बघतो, काही पानांना महिने लागतात. शिवाय चालवून बघताना गूगल स्क्रिप्टच्या फायली ३० दिवसांपर्यंत साठवून वापरतो, म्हणून कंटेनरमध्ये नुकताच केलेला बदल त्याच्यापर्यंत उशिरा पोचू शकतो. टॅग लावल्यावर आठवड्याभरात अहवाल हलला नाही म्हणून पुन्हा पुन्हा आवृत्त्या बदलू नयेत.

गती देण्यासाठी दोन गोष्टी केल्या. इंडेक्समध्ये असल्याची खात्री झालेल्या तारखेच्या पत्त्यांचा एक तात्पुरता साइटमॅप (रोबोटसाठी पत्त्यांची यादी) बनवून सर्च कन्सोलमध्ये दिला, म्हणजे रोबोटला ते पत्ते पुन्हा बघायला निमित्त मिळते. पाने उतरली की हा साइटमॅप काढायचा. नियमित साइटमॅपमध्ये मात्र राखायची ५७च पाने ठेवली. आणि ज्या मोजक्या जुन्या पानांवरून खरोखर तक्रारी आल्या होत्या, २०२२च्या तेजीतली कापसाची पाने, त्यांना एकेक करून रिमूव्हल दिले.

‘पुढचा दिवस’चा प्रश्न ‘नोइंडेक्स’ने सुटत नाही, कारण तो वाचण्यासाठी रोबोटला पान आणावेच लागते. पटलावरून ते मागे-पुढेचे दुवेच बंद केले. त्याऐवजी आजच्या भावाच्या प्रत्येक पानावर चालू महिन्याचा तक्ता ठेवला: तारीख, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. मागचा भाव बघायची शेतकऱ्याची गरज खरी आहे, ती तिथेच भागते. तारखेची पाने पूर्ण उतरल्यावर रोबोट्स फाइलमध्ये ‘दिनांक’ अडवायचे की नाही, हे नंतर ठरवता येईल. आधी मात्र मुळीच नाही.

शोध निकालांतून पान गेले तरी व्हॉट्सॲपच्या गटांत फिरणारा जुना दुवा जात नाही. म्हणून त्याच अटींवर, पण वेगळ्या ट्रिगरने दुसरा टॅग लावला, जो तारखेच्या पानावर सर्वात वर लाल पट्टी दाखवतो: हा भाव अमुक तारखेचा आहे, आजचा भाव इथे पाहा. सोबत आजच्या पानाचा दुवा. पट्टीचा टॅग ‘डीओएम रेडी’वर (पानाची मांडणी तयार झाल्यावर) ठेवावा लागतो, कारण इनिशियलायझेशनच्या वेळी पानाचे अंग तयारच झालेले नसते. शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्या कामातला हाच भाग सर्वात उपयोगाचा, आणि तो दहा मिनिटांत होतो.

नजर ठेवायची ती अशी. दर सोमवारी ‘पेजेस’ अहवालात ‘एक्सक्लूडेड बाय नोइंडेक्स टॅग’ची यादी उघडायची. आकडा वाढला पाहिजे, पण यादीत राखायच्या ५७पैकी एकही पान दिसता कामा नये. दिसले तर तेवढ्यासाठी ट्रिगरशी खेळत बसू नये. ‘व्हर्जन्स’मध्ये जाऊन आधीची आवृत्ती पुन्हा प्रसिद्ध करावी, कारण शोधावे नंतर. ‘पब्लिश’चा अधिकार कार्यालयातल्या दोघांनाच ठेवला, बाकीच्यांना ‘एडिट’पर्यंत. जाहिरातीसाठी बाहेरच्या कुणाला कंटेनर दिला आणि त्याने नीटनेटकेपणाच्या नावाखाली हा टॅग काढला, तर हजारो जुनी पाने हळूहळू परत येतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून टॅगच्या नावातच लिहिले: ‘जुने भाव शोधाबाहेर – काढू नये’, आणि कारण आवृत्तीच्या टिपणीत मराठीत सविस्तर.

मूळ साचा दुरुस्त करायला माणूस मिळाला की त्याला एकच यादी द्यायची: कोणत्या नमुन्याच्या पानांवर सर्व्हरनेच ‘नोइंडेक्स’ पाठवावा. तो आल्यावर ‘पेज सोर्स’मध्ये दिसला पाहिजे, आणि आजच्या पानांवर दिसता कामा नये. साच्यातला चुकीचा ‘नोइंडेक्स’ टॅग मॅनेजरने भरून काढता येत नाही, म्हणून ही तपासणी कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरातच उरकावी. कंटेनरमधला टॅग त्यानंतरच थांबवायचा.